उशिरा आलेल्या पाहुण्यांची रांग

घरात दहावीचे विज्ञानाचे पुस्तक असेल तर आवर्तसारणीचे पान उघडा. अगदी उजवीकडे हेलिअम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन अशी उभी रांग दिसेल. हे राजवायू. मुले ही नावे पाठ करतात, आम्हीही केली होती. पण १८६९ साली मेंडेलीव्हने सारणी मांडली तेव्हा ही रांगच नव्हती, हे आम्हाला फार उशिरा कळले.

इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले नायट्रोजनचे वजन करीत होते. हवेतून मिळवलेला नायट्रोजन अमोनियापासून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरे. दुसऱ्या कुणी तराजूला दोष दिला असता. रॅले यांनी १८९२ मध्ये जाहीर पत्र लिहून ‘हे कोडे मला सुटत नाही’ अशी कबुली दिली. पुढच्या प्रयोगांत हा फरक लिटरमागे सहा-सात मिलिग्रॅम ठरला. मग विल्यम रॅमसे यांनी तापलेल्या मॅग्नेशिअमवरून हवेतला नायट्रोजन पुन्हापुन्हा नेऊन शोषून घेतला. थोडासा वायू तरीही उरलाच. तो कशाशीच संयोग पावेना, म्हणून १८९४ मध्ये त्याचे नाव पडले अरगॉन, म्हणजे आळशी. हवेत तो जवळजवळ एक टक्का आहे. आपल्या प्रत्येक श्वासात तो असतोच.

आता याला बसवायचे कुठे? अणुवस्तुमान सुमारे ४०, आणि तिथे तर पोटॅशिअम व कॅल्शिअम आधीच बसलेले. हा नायट्रोजनचाच तीन अणूंचा प्रकार असावा, अशी शंका खुद्द मेंडेलीव्हला आली. पण रॅमसे यांना १८९५ मध्ये खनिजातून हेलिअम मिळाला. १८९८ मध्ये त्यांनी व ट्रॅव्हर्स यांनी क्रिप्टॉन, निऑन, झेनॉन शोधले. पाहुणा एकटा नव्हता, अख्खे कुटुंब आले होते! सारणी न मोडता ‘शून्य गण’ ही नवी रांग मांडली गेली आणि मेंडेलीव्हनेही ती स्वीकारली. अरगॉन पोटॅशिअमहून जड असूनही आधी का, याचे उत्तर १९१३ मध्ये मोसलेच्या कामातून मिळाले. क्रम वजनाचा नसून अणुअंकाचा आहे: अरगॉन १८, पोटॅशिअम १९.

‘हे असेच का?’ असे मुलांनी विचारले की ‘पाठ कर’ म्हणून आम्ही गप्प करीत आलो. रॅले यांनी तो सहा-सात मिलिग्रॅमचा ‘का’ गप्प केला असता, तर ही रांग कोण जाणे कधी भरली असती. यापुढे उत्तर येत नसेल तर ‘मलाही ठाऊक नाही, चल शोधू’ एवढे तरी म्हणू या.