रसगुल्ला ओडिशाचा की बंगालचा? जीआय टॅगने नेमकं काय ठरवलं?

पुरीची रथयात्रा संपत आली की सोशल मीडियावर जुना वाद पुन्हा वर येतो: रसगुल्ला नक्की कुणाचा? ओडिशावाले जीआय टॅग दाखवतात, बंगालीही दाखवतात. गंमत म्हणजे दोघांचंही खरं आहे.

दोघांना टॅग कसा?

'बांग्लार रसोगोल्ला'ला १४ नोव्हेंबर २०१७ रोजी जीआय मिळालं, तर 'ओडिशा रसगोला'ला २९ जुलै २०१९ रोजी. नावं वेगळी, कारण पदार्थही वेगळे. बंगालचा रसगुल्ला पांढराशुभ्र आणि स्पंजसारखा असतो. ओडिशाचा जास्त मऊ, रसाळ आणि तांबूस असतो. हा रंग वरून घातलेला नसतो, तो साखर तापून येतो.

दावे काय आहेत?

ओडिशाचा दावा जगन्नाथ मंदिराच्या परंपरेवर उभा आहे. आपल्याला सोडून यात्रेला गेले म्हणून लक्ष्मी रुसते. परतीच्या दिवशी, म्हणजे 'नीलाद्री बिजे'ला, जगन्नाथ रसगुल्ला देऊन तिची समजूत काढतात. बलराम दास यांच्या 'दांडी रामायणा'तल्या उल्लेखाचाही दाखला दिला जातो. बंगाल मात्र कोलकात्याचे मिठाईवाले नवीनचंद्र दास यांचं नाव आणि १८६८ हे साल सांगतो.

मग जिंकलं कोण?

कुणीच नाही. पदार्थ आधी कुणी केला, हे जीआय ठरवतच नाही. एखाद्या वस्तूचा विशिष्ट गुण किंवा लौकिक विशिष्ट भागाशी जोडलेला आहे, एवढंच ते सांगतं. कोल्हापुरी चपलेचं जीआय महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतल्या जिल्ह्यांना आहे, ते म्हणूनच. पुण्यातला हलवाई रसगुल्ला खुशाल विकू शकतो, फक्त त्याला 'ओडिशा रसगोला' म्हणू शकत नाही.

खरा प्रश्न कोणता?

भुवनेश्वर-कटक महामार्गावरचं पहाला गाव रसगुल्ल्याच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. पण टॅग मिळाला म्हणून तिथल्या प्रत्येक दुकानदाराला तो आपोआप वापरता येत नाही. त्यासाठी 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. ती नसेल, तर नावाची नक्कल झाली तरी तो त्या कायद्याखाली दाद मागू शकत नाही. जीआयसाठी अर्ज सरकारी लघुउद्योग महामंडळ आणि मिठाई व्यावसायिकांच्या संघटनेने केला होता. रोज छेना मळणाऱ्या हातांपर्यंत त्याचा फायदा पोहोचवायचा, तर ही नोंदणी दुकानादुकानांत न्यावी लागेल.

म्हणून पुढच्या वेळी 'रसगुल्ला कुणाचा' अशी पोस्ट दिसली, तर कमेंटमध्ये एवढंच विचारा: टॅग वापरण्याचा हक्क किती दुकानदारांना मिळाला?