अंगणातली रोषणाई चौकात येते तेव्हा

डिसेंबर उजाडला की कॅनबेराच्या उपनगरांतून कुंपणांवर, पागोळ्यांच्या कडांवर आणि झाडांवर नाताळच्या दिव्यांच्या माळा चढू लागतात. इथे त्या महिन्यात सूर्यच सव्वाआठच्या सुमारास मावळतो. रोषणाई डोळ्यांत भरावी असा काळोख व्हायला नऊ वाजतात, तरी आईवडील लहान मुलांना जागे ठेवून ती दाखवायला नेतात. या हौसेचा सर्वांत मोठा नमुना याच शहरात घडला. फॉरेस्ट उपनगरातल्या डेव्हिड रिचर्ड्स यांच्या कुटुंबाने २०११ मध्ये घराला आणि बागेला ३,३१,०३८ दिवे लावून गिनेस बुकात विक्रम नोंदवला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या एका कुटुंबाने ३,४६,२८३ दिव्यांनी तो मोडला आणि २०१३ मध्ये रिचर्ड्स कुटुंबाने ५,०२,१६५ दिवे लावून परत मिळवला. लोक येऊन बाग पाहत आणि झोपेत अचानक दगावलेल्या बाळांच्या पालकांना आधार देणाऱ्या ‘सिड्स अँड किड्स’ या संस्थेसाठी देणगी देत. मग २०१४ मध्ये रिचर्ड्स यांनी रोषणाई घराबाहेर नेली. शहराच्या मध्यावर, लाकडी घोड्यांचे जुने मेरी-गो-राउंड असलेल्या पेट्री प्लाझात सुमारे १२० किलोमीटर वायरवर जवळजवळ १२ लाख एलईडी दिवे उजळले. मदत पुन्हा त्याच संस्थेसाठी होती.

या प्रवासात ‘सार्वजनिक’ म्हणावे असे नेमके काय घडले? माझ्या मते दिव्यांच्या संख्येशी त्याचा संबंध नाही. पाच लाख दिवे लागले तरी बाग एका घराचीच होती. पाहणारे पाहुणे होते आणि फाटक केव्हा उघडायचे हे घरमालक ठरवत होता. चौकात आल्यावर पाहुणा कोण आणि यजमान कोण, हा भेदच उरला नाही. ऑफिसातून बसस्टॉपकडे निघालेला माणूसही दिव्यांखालून जाऊ लागला, त्याला कोणाच्या आमंत्रणाची गरज नव्हती. आपल्याला हे कळायला वेळ लागू नये. घरोघरी आणि वाड्यांतून बसणारा गणपती १८९० च्या दशकात पुण्यात मांडवात आला, तेव्हा मूर्तीच्या उंचीने काही बदलले नाही. वर्गणी, कार्यकर्ते आणि सर्वांना मोकळा मांडव यांनी बदलले.

एका घराने सगळे आपल्याच हाती ठेवले तर काय होते, हे अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात दिसले. लिटल रॉक शहरात जेनिंग्ज ऑस्बर्न यांनी १९८६ मध्ये लेकीच्या हट्टापायी सुमारे हजार दिव्यांनी सुरुवात केली आणि संख्या वाढत वाढत तीस लाखांवर गेली. शेजारची घरे विकत घेऊन त्यांनी रोषणाईचा पसारा वाढवला. गाड्यांच्या रांगांनी जेरीला आलेले शेजारी १९९३ मध्ये कोर्टात गेले, आणि पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्याच बाजूने कौल दिला. तो कौल मला योग्य वाटतो. ज्याला आपल्याच घरी गाडी नेता येत नाही, त्याला ‘सणासुदीचे दिवस आहेत, सांभाळून घ्या’ असे सांगण्याचा अधिकार रोषणाई करणाऱ्याला नाही. पुढे १९९५ मध्ये ते दिवे फ्लोरिडात डिस्नीच्या उद्यानात गेले. तिथे तिकीट काढून लाखो लोकांनी ते पाहिले आणि उद्यानाच्या नव्या बांधकामासाठी जागा हवी झाली तेव्हा, जानेवारी २०१६ मध्ये, ते कायमचे विझले. वीस वर्षे दरसाल येणाऱ्या कुटुंबांना त्यावर काही बोलायची सोय नव्हती. घराची मालकी गेली, कंपनीची आली. समाज मध्ये कुठेच आला नाही.

विजेच्या उधळपट्टीचा आक्षेप हमखास निघतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. जुन्या माळेतला बारका बल्ब सुमारे अर्धा वॅट घेई. एलईडी त्याच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्यात भागतो, पण दिवे दसपट केले तर ती बचत तिथेच संपते. म्हणूनच दहा घरांनी दहा ठिकाणी चढाओढ करण्यापेक्षा एका चौकात मिळून केलेली रोषणाई मला अधिक शहाणपणाची वाटते. विक्रमाचे म्हणाल तर २०१४ मध्येच न्यूयॉर्कच्या त्या कुटुंबाने ६,०१,७३६ दिवे लावून घरगुती रोषणाईचा विक्रम पुन्हा नेला. चौकातल्या रोषणाईचे त्याने काहीही बिघडले नाही.

आपल्या मराठी मंडळाच्या काही सभासदांच्या मनात आणखी एक शंका असते: नाताळ हा आपला सण आहे का? वसईच्या गावांमध्ये आणि गोव्यात नाताळला घरासमोर चांदण्या लागतात, गोठ्याचे देखावे होतात, आणि तिथल्या घरांतून मराठी, सामवेदी, कोंकणी बोलली जाते. याच वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. त्यांचा सण परका मानायचा, तर मराठीपणाची आपली व्याख्याच तोकडी आहे. शिवाय ज्या शहरात आपण दिवाळीसाठी हॉल मागतो आणि शेजाऱ्यांनी ढोल-ताशा समजून घ्यावा अशी अपेक्षा करतो, त्या शहराच्या सणात आपण फक्त फोटो काढायला जाणे बरे दिसत नाही.

दिवाळीच्या बाबतीत मात्र आपण अजून अंगणातच आहोत. आकाशकंदील, पणत्या, किल्ले, सगळे हौसेने होते, पण हॉलच्या भिंतींआड, तिकीट काढलेल्यांपुरते. यंदा कार्यकारिणीपुढे दोन प्रस्ताव आहेत. दिवाळीची एक संध्याकाळ रीतसर परवानगी काढून उघड्या सार्वजनिक जागी साजरी करावी, फराळासकट आणि कोणालाही मुक्त प्रवेश देऊन. आणि नाताळात स्थानिक रोषणाईसाठी मंडळाने माणसे द्यावीत. शिडी धरायला, माळा गुंडाळून ठेवायला, गाड्यांना वाट दाखवायला आणि देणगीच्या डब्यापाशी बसायला माणसे लागतात, आणि ती दरवर्षी कमी पडतात. गाड्या कुठे लावायच्या, हे शेजाऱ्यांशी बोलून आधी ठरवावे, मगच दिव्यांचा हिशेब करावा. ज्यांना यापैकी कोणतेही काम जमेल, त्यांनी सर्वसाधारण सभेपूर्वी आपले नाव चिटणीसांकडे द्यावे. ज्यांचा या प्रस्तावांना विरोध आहे, त्यांनीही सभेला यावे आणि तो तिथे मांडावा.