शेपटीला लोंबणारा ‘इन’

‘द हाउस वी ग्रू अप इन’. असा शेवटी लोंबणारा ‘इन’ इंग्रज कवी जॉन ड्रायडनला १६७२ साली खटकला होता. पुढे १९२६ साली कोशकार फाउलरने हा आक्षेप म्हणजे अंधश्रद्धा ठरवली. आमचे अनुवादक मात्र त्या ‘इन’चं ओझं मराठीच्या डोक्यावर ठेवतात: ‘ज्या घरामध्ये आम्ही वाढलो ते घर’. कशाला? ‘आम्ही वाढलो ते घर’ म्हटलं की झालं. ‘मध्ये’ ऐकणाऱ्याला आपोआप कळतं.

‘मी बोललो तो माणूस’ म्हटलं तर मात्र घोटाळा होतो. त्याच्याशी बोललो की त्याच्याविषयी? तिथे ‘ज्याच्याशी’ हवंच. म्हणजे ‘ज्या’ गरजेपुरता वापरावा. आपण गोंयकार शब्द कुठूनही उसने घेतो, खुशाल घ्यावेत; वाक्याची घडण मात्र आपलीच असावी, असं मला वाटतं.