चकाकी आणि चरे

सकाळी कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावून बघा. अर्धी बादली गढूळ पाणी, एकच कळकट फडकं, आणि तेवढ्यात ओळीनं उरकलेल्या आठ-दहा गाड्या. लांबून सगळं लख्ख! पण ऊन तिरपं पडलं की बॉनेटवरचे बारीक गोल चरे उठून दिसतात. रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहून पातळ. फडक्याखाली फरफटणारी वाळू त्यालाच ओरबाडते. मग मालक ‘दसरा आलाय, एकदा पॉलिश मारून टाका’ म्हणतात. पॉलिश चरे घालवतं ते तो थर आणखी थोडा खरवडून; त्यामुळे ते ऊठसूट करण्याचं काम नव्हे. वॅक्स मात्र काही काढत नाही, वरून लेप देतं. तोही काही आठवड्यांत उतरतो, आणि भांड्यांच्या साबणानं धुतलं तर त्याआधीच. तेव्हा पूजेचा झेंडू गाडीला जरूर घाला, पण आधी धूळ पाण्यानं वाहू द्या, कार शाम्पू वापरा, सावलीत मऊ मायक्रोफायबरनं टिपा. आणि कोरडं फडकं? ते खिडकीच्या गजांसाठी ठेवा.