गुण मिळाल्यानंतरचा रोबो

अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचे प्रकल्प सुरू झाले की रोबोंची चलती असते. रेषेवरून चालणारा, अडथळा टाळणारा, हाताच्या इशाऱ्यावर वळणारा. तोंडी परीक्षा होते, गुण मिळतात आणि रोबो विभागाच्या कपाटात जातो. पुढची तुकडी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. यात मुलांची हुशारी कमी पडत नाही. त्यांच्यापुढे खरा प्रश्नच ठेवलेला नसतो.

म्हणूनच आयआयटी मद्रासमधील ‘होमोसेप’ हे यंत्र समजून घेण्यासारखे आहे. सेप्टिक टँक साफ करणारे हे यंत्र प्रा. प्रभू राजगोपाल यांच्या मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रकल्पातून आकाराला आले.

पंप असताना माणूस टाकीत का उतरतो? पंपाने पाणी उपसता येते, पण तळाशी वर्षानुवर्षे साचून घट्ट झालेला गाळ ओढला जात नाही. तो फोडायला माणूस आत जातो. गाळ ढवळला की त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. या वायूला सडक्या अंड्यांसारखा वास असतो. मात्र त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते. धोका वाढतो नेमका तेव्हाच वास येणे थांबते. कोसळलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि अनेकदा तोही परत येत नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला असे उतरवण्यास २०१३च्या कायद्याने बंदी आहे, तरीही महाराष्ट्रासह देशभरात हे मृत्यू थांबलेले नाहीत.

‘होमोसेप’ने नेमकी हीच अडचण पकडली. त्याची मिटलेली पाती टाकीच्या अरुंद तोंडातून आत जातात, छत्रीसारखी उघडतात आणि गाळ घुसळून पातळ करतात. मग तो बाहेर खेचता येतो. २०२२मध्ये सफाई कर्मचारी आंदोलनाच्या मदतीने पहिली यंत्रे तमिळनाडूतील बचत गटांना मिळाली. सफाईकामात पती गमावलेल्या महिला त्या गटांच्या प्रमुख होत्या. केरळमध्येही अभियांत्रिकीला एकत्र शिकलेल्या तरुणांनी मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ बनवला. २०१८मध्ये तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला.

एका सत्रात एवढे कसे होणार, असे प्राध्यापक विचारतील. त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणूनच एका तुकडीने सगळे पूर्ण करावे हा आग्रह सोडायला हवा. पहिल्या तुकडीने काम करणाऱ्यांना भेटून अडचण समजून घ्यावी, दुसरीने यंत्र बनवावे, तिसरीने ते प्रत्यक्ष जागी तपासून सुधारावे. आराखड्यांबरोबर फसलेल्या प्रयत्नांची नोंदही पुढे सोपवावी आणि त्या नोंदीलाही गुण असावेत. परीक्षकांमध्ये ज्याच्यासाठी यंत्र बनले तो कामगार, परिचारिका किंवा शेतकरी असावा. झाकण केवढे असते, चिखलात चाक रुतते का, बिघडल्यावर गावात दुरुस्त होईल का, हे प्रश्न तोच विचारेल.

नगरपालिकांनी यंत्रे घेतली नाहीत, ती चालवण्याचे शिक्षण दिले नाही, तर उत्तम रोबोही गोदामात गंजेल. ती जबाबदारी विद्यार्थ्यांची नव्हे. पण महाविद्यालयाच्या कपाटात धूळ खाणाऱ्या रोबोंपैकी एखादा जरी टाकीपर्यंत पोहोचला, तरी कुणाला तरी त्या टाकीत उतरावे लागणार नाही. प्रकल्पाचे गुण देताना हा हिशेब धरायला काय हरकत आहे?