व्यवस्था बदलते, माणसाचा स्वभाव बदलतो का?



नागरिकशास्त्राच्या तासाला आपण राजेशाही, हुकूमशाही, लोकशाही यांच्या व्याख्या पाठ करून घेतो. मुलं फरक लिहितात, गुण मिळवतात, विषय संपतो. पण चांगली चाललेली लोकशाही बिघडते कशी, हा प्रश्न तसाच राहतो. माझ्या मते त्याचं उत्तर माणसाच्या स्वभावात आहे.

हाती आलेली सत्ता सोडवत नाही, हा सत्तेवर बसणाऱ्याचा स्वभाव. त्यावर आपण भरपूर बोलतो. पण दुसरा स्वभाव तुमचा-माझा आहे. भांडणं वाढली, संकट आलं, की कुणीतरी एक खंबीर माणूस यावा आणि सगळं निस्तरावं असं आपल्याला वाटतं. म्हणजे आपण सुटलो! व्यवस्थेला दूरवरचं वळण लागतं ते बहुतेक वेळा या दुसऱ्या स्वभावामुळे.

प्राचीन रोमचंच उदाहरण घ्या. परंपरेनुसार इ.स.पू. 509 मध्ये रोमनांनी राजाला हाकलून दिलं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून त्यांनी दोन कॉन्सल नेमले. मुदत एकच वर्ष, आणि एकाचा निर्णय दुसरा अडवू शकत असे. मोठ्या संकटात सर्वाधिकारी नेमण्याची सोय होती, पण तीही जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी. स्वभाव ओळखूनच नियम केले होते ना! पुढे अनेक यादवी युद्धं झाली, नियम मोडत गेले. इ.स.पू. 44 मध्ये जूलियस सीझर तहहयात सर्वाधिकारी झाला. त्याच वर्षी त्याचा खून झाला, तरी प्रजासत्ताक काही वाचलं नाही. इ.स.पू. 27 पासून ऑगस्टसच्या हाती सगळी सूत्रं आली. सिनेट होतं, कॉन्सलही होते, नावं सगळी जुनीच. युद्धांना थकलेल्या लोकांना शांतता हवी होती, त्यांनी ते चालवून घेतलं.

आपल्याकडे हा धोका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आधीच ओळखला होता. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी बजावलं, की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. पुढे 1975 ते 1977 या काळात देशाने आणीबाणी पाहिली. मतदारांनी 1977 मध्ये सरकार बदललं आणि 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने नियमही कडक केले. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून तिथे ‘सशस्त्र बंड’ आलं, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा झाला. म्हणजे स्वभाव बदलला नाही तरी चुकीतून शिकून त्याला लगाम घालता येतो.

पण कागदावरचा लगाम रोमकडेही होता. तो धरून ठेवणारी माणसं लागतात, आणि ती शाळेत व घरात घडतात. आता आपल्या वर्गाकडे बघा. मॉनिटर वर्षभर एकच, बहुधा सरांचा किंवा बाईंचा लाडका. फळ्यावर नाव लिहिलं की ते खरंच, विचारायची सोय नाही. यातून मुलं काय शिकतात? महिन्याला मॉनिटर बदला. ज्याचं नाव लिहिलं त्याला बाजू मांडू द्या. मॉनिटर चुकला तर तसं सांगायची मुभा द्या. थोडा गोंधळ होईल, पोर्शन मागे पडेल अशी भीती वाटेल, हे मान्य. पण महिन्यातून एक तास एवढी किंमत जास्त नाही.

पालकहो, घरीसुद्धा “तुला काय कळतंय, गप्प बस” याऐवजी “तुला असं का वाटतं?” असं विचारून बघा. मोठ्यांना आदराने प्रश्न विचारायला शिकलेलं मूल उद्या नेत्यालाही प्रश्न विचारेल. ज्याला ती सवयच नाही, ते मोठेपणी मत देईल आणि पाच वर्षं निवांत बसेल.

तुमच्या वर्गात मॉनिटर कसा निवडला जातो? जरूर विचार करा.