संगणक मंदावला? आधी कारण शोधा

गेल्या महिन्याच्या १९ तारखेस पुतण्याच्या पेढीवरील संगणक अकस्मात मंदावला. दुसऱ्या दिवशी जीएसटीच्या ‘३ बी’ विवरणपत्राची मुदत संपणार होती. विलंब झाल्यास प्रतिदिन ५० रुपये शुल्क, शिवाय थकीत करावर वार्षिक १८ टक्के व्याज. दुरुस्तीवाल्याने नवे यंत्र घेण्याचा सल्ला दिला.

बँकेत तेरीज जुळली नाही, तर आम्ही वही बदलत नसू. एकेक नोंद तपासत असू. येथेही तेच केले. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. एरवी नगण्य असणारी ‘सिस्टीम इंटरप्ट्स’ ही नोंद प्रोसेसरची बरीच शक्ती खात होती. असे झाले की यंत्राच्या एखाद्या भागावर किंवा तो चालविणाऱ्या ड्रायव्हरवर संशय घ्यावा. डिव्हाइस मॅनेजरमधून नेटवर्क अडॅप्टर क्षणभर बंद करताच संगणक पूर्ववत चालू लागला. दोष नुकत्याच अद्ययावत झालेल्या नेटवर्क ड्रायव्हरचा होता. अडॅप्टर पुन्हा सुरू करून, त्याच्या प्रॉपर्टीजमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने जुनी आवृत्ती परत आणली. ही सोय उपलब्ध नसल्यास उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच ड्रायव्हर घ्यावा.

विवरणपत्र वेळेत दाखल झाले. वाचकहो, खर्चाला मंजुरी देण्यापूर्वी कारणाची पडताळणी अवश्य करावी.